देवीला पत्ता लागतो

६ मार्च

बो-शून सकाळच्या बसने गेला. दोन दिवस राहिला, त्यातला बराचसा वेळ झोपला. कालवं घातलेल्या शेवया पोटभर खाल्ल्या, पण पूर्वीसारखा बडबडला नाही. सैन्यात त्याची बदली झाली आहे. आपल्या बेटावर अमेरिकेहून क्षेपणास्त्रं डागायच्या मोठ्या गाड्या आल्यात, त्यांच्यावर त्याला घेतलंय. या गाड्या म्हणे एका जागी कधीच राहत नाहीत. आज इथे, चार दिवसांनी तिसरीकडे, कधी झाडाखाली, कधी गोदामात, जिथे समुद्रापलीकडच्यांची नजर पोचणार नाही तिथे. मी विचारलं, "मग तुला शोधायचं कुठे?" तर हसून म्हणाला, "आई, कुणाला सापडू नये म्हणून तर पगार मिळतो मला."

संध्याकाळी समुद्राच्या देवीच्या, माझूआईच्या देवळात गेले. उदबत्ती हातात घेऊन त्याचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, जन्मवेळ सांगितली, आणि पत्त्याशी येऊन अडले. देवीला पत्ता लागतो. नुसतं "माझ्या पोराला सांभाळ" म्हटलं तर ती कुणाच्या दारी जाणार? या किनाऱ्यावर प्रत्येकीला एक पोर आहे. शेवटी घरचाच पत्ता सांगितला. परत येताना सारखं मनात येत होतं, देवी आमच्या दारात येऊन उभी राहील आणि आत फक्त माझा म्हातारा घोरत असेल.

९ मार्च

बी-यिंग वहिनीबरोबर दिवसभर कालवं फोडली. शेजारीण आहे, आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून एकाच बाकावर बसतो. ती म्हणाली, देवळातर्फे पलीकडच्या किनाऱ्यावर यात्रा निघते आहे, तिथल्या एका जुन्या माझू मंदिरात. बोटीचे निम्मे पैसे आपले, राहणं, जेवण, फिरणं सगळं त्यांच्याकडून.

"त्यांना एवढा पुळका कशाचा?" मी विचारलं.

"तुला फुकट मिळतंय ना? मग पुळक्याची चौकशी कशाला करतेस? कोथिंबिरीची काडी सुकवून ठेवणारी बाई तू!"

घरी म्हाताऱ्याला सांगितलं. तो बस चालवायचा तेव्हापासून त्याला प्रत्येक प्रवासात अपघातच दिसतो. टीव्हीवर चारजण भांडत होते, युद्ध झालं तर अमेरिका येणार की नाही येणार. म्हातारा म्हणाला, "अमेरिका म्हणजे आपली थोरली मेहुणी. लग्नाला येते, येते म्हणते. आहेर पाठवते, तोही आपल्याचकडून पैसे घेऊन, आणि तोही बारसं उरकल्यावर पोचतो."

"आणि मी यात्रेला जाऊ की नको?"

"जा. पण त्यांच्याशी राजकारण बोलू नकोस."

मी कशाला राजकारण बोलतेय.

२४ मार्च

पलीकडे. धर्मशाळेत लिहिते आहे. काय मंदिर आहे! पायऱ्या चढताना गुडघे बोंबलले, पण वर गेल्यावर वारा लागला आणि डोळे भरून आले. इथले लोक आपल्यासारखंच बोलतात, मिठालासुद्धा आपलाच शब्द. हे लोक आपल्यावर बॉम्ब टाकतील असं कसं म्हणायचं?

देवळात सेवा करणारी एक बाई माझ्याबरोबर होती. आडनाव लिन, म्हणजे माझूआईचं माहेरचंच. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. मी गुडघे टेकून पुटपुटत होते, तर तिने माझा दंड धरला. "ताई, जरा मोठ्याने. एवढ्या गर्दीत देवीला ऐकू नको का जायला?" मी मोठ्याने सांगितलं, नाव, तारीख, वेळ, पत्ता. ती म्हणाली, "हा तर घरचा पत्ता दिसतो. मुलगा घरी असतो?"

माझ्या पोटात जे होतं तेच तिने विचारलं. मी सांगून टाकलं की पोर सैन्यात आहे, गाड्या घेऊन हिंडत असतो, मलाच ठाऊक नाही कुठे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "माझा भाऊपण सैन्यात होता, ताई. आईला कळत नव्हतं देवीला काय सांगायचं. असं करा, मुलाला विचारा. मला फोनवर नुसतं बोलून पाठवा, लिहायचे कष्ट नकोत. दर पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तुमच्या नावाने मी इथे उदबत्ती लावीन."

पैसे देऊ केले, घेतले नाहीत. उलट शूनसाठी लाल दोरा दिला. बी-यिंग वहिनी मागून म्हणाली, "या बाईला आपली फारच कीव येते ग." वहिनीचा स्वभावच तसा. कुणी चहा दिला तर आधी वास घेईल.

४ एप्रिल

पितरांचा दिवस. सासूसासऱ्यांची थडगी झाडली, गवत काढलं, तांदळाच्या वड्या ठेवल्या. शून आला नाही. रजा बंद आहेत.

६ एप्रिल

शूनचा फोन. मी विषय काढला.

"आई, नाही सांगता येत. तुला माहीत आहे."

"मी कुणाला सांगणार आहे? देवीला तर सांगायचं."

"देवीला जीपीएस नसतो का?"

"थट्टा नको करूस. ती हजार कोस समुद्रात बुडणाऱ्याला शोधते, पण त्याने हाक मारली तर. तू मारतोस का हाक? नाही ना? मग मला मारू दे."

त्याच्या मागे कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. मग म्हणाला, "तू लहानपणी ऊस चोरायला कुठे जायचीस, सांग?"

मला क्षणात कळलं. जुना साखर कारखाना, त्याच्या मागची मोडक्या रुळांची बाजू. "बास, मी काही सांगितलेलं नाही हं," तो म्हणाला. मी म्हटलं, नाहीच सांगितलंस.

आज शांत झोप लागेल. लिन ताईला बोलून पाठवलं. तिचं लगेच उत्तर आलं, "देवी पोचली समजा."

२० एप्रिल

माझूआईचा जन्मदिवस. पालखी गल्लीत आली तेव्हा आशीर्वादासाठी मी रस्त्यावर आडवी झाले आणि पालखी अंगावरून गेली. उठताना कंबर धरली तर म्हातारा म्हणतो, "देवीने तुला नेलंच असतं, पण तिचे हमाल थकले असते."

लिन ताईने तिकडच्या उदबत्तीचं चित्रण पाठवलं. धूर सरळ वर जातो आहे. मागून शूनचं नाव वाचणारा तिचा आवाज किती मऊ आहे.

शून हलला आहे. या वेळी फारसं ओढून घ्यावं लागलं नाही. म्हणाला, "मामाच्या सुपारीच्या बागेची आठवण येते का गं?" आणि दुसरी बातमी, त्याला शरद ऋतूत अमेरिकेला पाठवणार आहेत, नव्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला, कुठल्याशा वाळवंटात. त्याच्या तुकडीतून दोघेच. मला तर रडूच फुटलं. आमच्या घरातून आजवर कुणी विमानात बसलं नाही.

लिन ताईलाही सांगितलं. ती आनंदली. कोणतं वाळवंट, कधी, बरोबरचा दुसरा मुलगा कोण, सगळं विचारलं, त्याच्यासाठीही उदबत्ती लावते म्हणाली. दुसऱ्याच्या लेकराचंही तिच्या मनात आलं. दुसऱ्याचं आडनाव वेई, एवढंच मला ठाऊक होतं, तेवढं सांगितलं.

२८ एप्रिल

लिन ताईने विचारलं, गाड्या किती आहेत? सगळ्यांना पुरेल एवढा अंगारा पाठवायचा विचार आहे तिचा. मला माहीत नाही म्हटलं.

११ मे

शूनचा फोन, पण आवाज खोल गेलेला. त्यांना शिकवायला अमेरिकेहून एक मास्तर आला आहे, नाक उन्हाने सोललेलं, भात चमच्याने खातो. शूनला तो आवडतो. काल त्याने फळ्यावर काढून दाखवलं, पहिले काही आठवडे बेटाने एकट्याने कसं तग धरायचं. शूनने विचारलं, "आणि त्यानंतर?"

"काय म्हणाला मग?"

"म्हणाला, ते माझ्या हुद्द्याच्या वरचं आहे. खोटं बोलला नाही आई, म्हणून जास्त वाईट वाटलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, आमच्याकडे आता एकाच वेळी तीन ठिकाणी आग लागली आहे आणि बंब एक. तुमचा क्रम कितवा, ते ठरवणाऱ्यांनाही ठाऊक नाही."

मी म्हटलं, "त्यांचा बंब राहू दे. देवी आहे." तो मग म्हणाला, "हो, आहे."

टीव्हीवर, अमेरिकेतले निवडून आलेले काही लोक इथे आले आहेत. अननसाचे केक खाताना दाखवले. हसत होते. त्यातल्या एका बाईने म्हटलं, आमची मैत्री खडकासारखी आहे. म्हातारा म्हणाला, "खडक म्हणजे जागचा न हलणारा."

१५ मे

पाऊस. कालवं महागली, पण आमच्याकडून घेणारे जुनाच भाव देतात.

२३ मे

आज दुपारी टीव्हीवर समुद्रापलीकडच्या वाहिनीचं दाखवलं. वरून घेतलेलं चित्र. सुपारीची झाडं, मध्ये जाळी टाकलेल्या गाड्या, एक माणूस डबा उघडून जेवतो आहे. खाली पट्टी, तुम्ही लपा, आम्ही बघतोय.

म्हातारा उठून टीव्हीजवळ गेला. "ही तर तुझ्या भावाची बाग."

मी हात जोडले. किती संकट आलं होतं, आणि माझूआईने नुसत्या फोटोवर निभावलं! बॉम्ब पडला असता तर? ताबडतोब लिन ताईला सांगितलं की आणखी जोरात प्रार्थना कर, पोर आता तिथून हलला असेल, नवं ठिकाण कळलं की सांगते.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. "कुणाशी बोलतेस?" मी सांगितलं. तो बाहेर जाऊन जाळी विणत बसला. आज फारच चिडका आहे.

२५ मे

शून दोन मिनिटं बोलला. "आई, आता काही दिवस फोन नाही करणार. तू काळजी करू नकोस."

"ठिकाण तरी..."

"आई." एवढंच म्हणाला. तो आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

२९ मे

कालवं फोडताना बी-यिंग वहिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "सू-युए, ती तुझी लिन ताई. मलाही निरोप पाठवायची. आमचा जावई तटरक्षक दलात आहे ना, त्याची बोट कुठल्या धक्क्यावर असते ते विचारत होती. म्हणे, देवीला सांगायचं आहे."

"मग?"

"मी सांगितलं, त्याने नोकरी सोडली, कोंबड्या पाळतो. तेव्हापासून उदबत्ती बंद." वहिनी हसली आणि माझं तोंड बघून थांबली. "तू काही सांगितलंस का ग?"

मी म्हटलं, "छे."

बोट कापलं. रक्त कालवांच्या पाण्यात गेलं, पाणी बदलावं लागलं.

त्यानंतर डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. साखर कारखाना. बाग. दोनच ठिकाणं मला ठाऊक होती. पैकी कारखान्यावर काय झालं? शून म्हणाला होता, तिथून घाईने निघावं लागलं, वर काहीतरी भुंग्यासारखं घिरट्या घालत होतं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

पण ती देवळात होती. देवीसमोर माझा दंड धरून बसली होती. देवीसमोर कुणी असं करेल?

३० मे

लिन ताईला विचारलं, तू कोण आहेस? उत्तर नाही.

३१ मे

सणाचा दिवस. पानात बांधलेला भात केला, कुणी खाल्ला नाही. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. माझा फोन हातात घेऊन सगळे निरोप ऐकले, माझा आवाज, तिचा आवाज. "देवी पोचली समजा" ऐकताना त्याने डोळे मिटले.

म्हणाला, "हे कुणाला कळलं तर तू जशी अडकशील तसा तोही अडकेल. त्याने तुला सांगितलं हाच गुन्हा. कळतंय का? त्याने सांगितलं नाही, तू ऐकलं नाहीस, तू कुणाला बोलली नाहीस. पुसून टाक."

मी म्हटलं, देवीला विचारते. देवळात गेले, कौल लावला. लाकडाच्या दोन फाका टाकल्या, दोन्ही सपाट बाजूने वर. देवी हसली. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. असं हसणं म्हणजे तुझा प्रश्नच नीट नाही. पण यापेक्षा नीट कसा विचारायचा, मला सुचलं नाही.

घरी आले. निरोप पुसून टाकले. म्हाताऱ्याचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्याने फोन फोडला आणि कालवांच्या शेतापलीकडे, जिथे खाडी खोल आहे, तिथे टाकून आला.

४ जून

सरकारकडून चौकशीला दोघे आले, एक पुरुष, एक बाई. बाईचं आडनाव शू. चप्पल बाहेर काढून, वाकून नमस्कार करून आत आली. माझ्या हातची रताळ्याची पेजही खाल्ली. म्हणाली, "काकू, फक्त विचारायचं आहे. बो-शून तुकडीच्या जागांबद्दल घरी कधी काही बोलला का?"

"नाही."

"थट्टेत? खुणेने?"

"आमचा मुलगा फार कमी बोलतो."

"तुम्ही पलीकडे यात्रेला गेला होता. तिथल्या कुणाशी संबंध राहिला?"

"नाही हो. मी गुडघेदुखीची बाई, मला कोण विचारतंय."

"फोन बघू का?"

म्हातारा म्हणाला, "खाडीत पडला हिच्या हातून, भरतीला." शू बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने ते लिहून घेतलं. जाताना माझूआईच्या देव्हाऱ्याला हात जोडले आणि म्हणाली, "काकू, काही आठवलं तर सांगा. लवकर आठवलं तर बरं."

दार लावून मी म्हटलं, सुटलो. म्हातारा म्हणाला, हो.

१२ जून

शूनला धरलं.

१३ जून

लिहवत नाही.

१६ जून

सरकारने वकील दिला आहे, कांग नावाचा. तरुण आहे, घामाने चष्मा सारखा घसरतो. म्हणाला, भेट बंद, पत्र बंद, फक्त मी जाऊ शकतो. मी विचारलं, आरोप काय?

"जागा बाहेर गेल्या. ज्यांना माहीत होत्या त्यांच्यातला एकेक तपासत आले. घरच्यांना माहीत नव्हत्या असं घरच्यांनीच सांगितलं. मग उरला तो. स्वतः पलीकडच्यांना विकल्या, असं त्यांचं म्हणणं आहे. त्याच्या सोबत अमेरिकेला जाणार होता त्या वेईचं आडनाव, वाळवंटातलं शिक्षण, तेही पलीकडे पोचलंय. तुकडीत हे दोघांनाच माहीत होतं."

"त्याने पैसे घेतले असं कुणी पाहिलं?"

"पैसे सापडले नाहीत. पण काकू, पैसे न सापडणं हा पुरावा नाही."

म्हणजे मी "नाही" म्हटलं आणि त्या "नाही"मुळेच तो उरला. मी हो म्हटलं असतं तर तो आईशी बोलून बसलेला मूर्ख पोरगा ठरला असता. आता विकणारा ठरला. मला शू बाईचं ते "लवकर आठवलं तर बरं" आता ऐकू येतं.

१९ जून

अमेरिकेने शिकवायचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे. तिथल्या सभेत एकजण उभा राहून बोलला, त्याचं भाषांतर इथे दिवसभर दाखवलं. जे स्वतःची गुपितं विकतात त्यांच्यासाठी आपण आपली पोरं का पाठवायची, असं तो म्हणाला. दुसरा म्हणाला, आपल्यापाशी याहून जवळच्या चिंता आहेत. टाळ्या पडल्या.

टीव्हीवर भांडणारे ते चौघे आज भांडले नाहीत. सगळ्यांचं एकमत की याने बेटाचं नाक कापलं. माझ्या पोराचं नाव घेत नाहीत, "तो सार्जंट" म्हणतात. एकाने विचारलं, "भाव काय ठरला होता?"

अमेरिकेतल्या त्या सभेतल्या माणसाला तरी एक कारणच हवं होतं, म्हातारा म्हणतो. हे नसतं तर दुसरं मिळालं असतं. असेल. पण मिळालं ते माझ्या तोंडून.

२२ जून

देवळात गेले. दारातून परतले.

२४ जून

कांग वकिलाला खरं सांगितलं. सगळं, ऊस, बाग, उदबत्ती. त्याने चष्मा काढून पुसला.

"निरोप?"

"पुसले. फोन खाडीत."

"ती बाई?"

"तिचा पत्ताच नाही. नाव खरं होतं की नाही देव जाणे."

"आणखी कुणाला तिने असं विचारलं होतं का? एक साक्षीदार मिळाला तरी खूप."

मी तशीच बी-यिंग वहिनीकडे गेले. ती बाकावर एकटी होती. मी बोलत असताना तिची सुरी थांबली नाही.

"वहिनी, फक्त एवढंच सांग की तिने तुलाही विचारलं होतं."

"आणि मग ते विचारतील, तेव्हाच का नाही कळवलंस? जावयाला उद्या बोलावतील. लेकीला दुसरा महिना लागलाय, सू-युए."

"माझा शून..."

"तुझ्या शूनला मी कडेवर घेतलंय. मला नको सांगूस." तिने टोपली उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेली. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाली, "तू तेव्हा छे म्हणालीस. मी विचारलं होतं तुला."

२६ जून

शू बाईंच्या कचेरीत गेले. म्हातारा बरोबर आला, पण बाहेर बसला. मी आतून बाहेरून सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही टोकलं नाही, चहा दिला. शेवटी म्हणाली, "काकू, तीन आठवड्यांपूर्वी मी याच प्रश्नांची उत्तरं तुमच्या घरी बसून लिहून घेतली होती."

"ते खोटं होतं."

"आणि हे खरं, हे मी कशावरून मानू? या खोलीत माझ्यासमोर आजवर कितीतरी आया बसल्या. प्रत्येक आई म्हणते, मीच केलं, पोराला सोडा."

"पण मी खरंच केलंय!"

"त्याही असंच म्हणतात." ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "त्याने दुजोरा दिला तर पुढे बघता येईल. त्याला विचारलंय. तो म्हणतो, आईला यातलं काही माहीत नाही."

कांग वकील म्हणतो, शूनला तो रोज समजावतो. शून ऐकून घेतो आणि तेच सांगतो. मी अडकले तर मला किती वर्षं बसतील ते त्याने विचारून घेतलं होतं म्हणे. माझं वयही सांगितलं.

१ जुलै

म्हातारा जेवत नाही. फोन टाकला तिथे ओहोटीला जाऊन चिखल उपसत असतो. काल गळ्यापर्यंत भिजून आला.

९ जुलै

आज न्यायालय. आत सोडत नाहीत, दार बंद ठेवून चालतं. पण कांग वकिलाने सांगितलं होतं, त्याला मागच्या बोळातून नेतात, तिथे उभ्या राहा, बघता येईल.

उभी राहिले. बोळात वारा नव्हता. शून आला, दोन शिपाई दोन बाजूंनी, हात पुढे बांधलेले आणि वर रुमाल टाकलेला. गाल आत गेलेत. केस कुणी कापलेत कोण जाणे, मागे ओबडधोबड. मला पाहून त्याची पावलं अडखळली, पण थांबला नाही.

मी ओरडले. बेंबीच्या देठापासून ओरडले, "शून, खरं सांग त्यांना! मी सांगितलं तिला! मी सांगितलं! तू सांग, आईनेच सांगितलं!"

बोळातले सगळे वळून बघायला लागले. एक कारकून दार उघडून बाहेर आला. मी शिपायाची बाही धरली आणि त्यालाही तेच सांगत राहिले.

शूनने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की असा बघायचा. मग तो शिपायाकडे वळला आणि अगदी हळू, माफी मागितल्यासारखं म्हणाला, "माझी आई फार थकली आहे. तिला बसायला देता का?"

ते त्याला पुढे घेऊन गेले. शिपायाने खुर्ची आणून दिली. मी बसले.